पत्रिका पाहायची असते, बसवायची नसते

६ एप्रिल, सोमवार
हळद नाही, कुंकू नाही, अक्षतीचा एक दाणा नाही. राजूरवालीनं पत्रिका फोनवर फेकून मारली, कुत्र्याले भाकर फेकावी तशी. परकी नाही, विहीण आहे माझी, सून मायाची माय. राजूरहून पांढरकवड्याले यायले काय हत्ती लागते? पण नाही. "आमच्या घरचं लग्न, नक्की या," एवढं लिहिलं अन् खाली पत्रिका चिकटवली.

लग्न कोणाचं थेही नाही. तिच्या भाच्याचं जमून राह्यलं होतं, त्याचंच असन. मले पाहायचं होतं एकच. सोयऱ्यायच्या नावात आमच्या बुढ्याचं नाव छापलं का नाही. मागच्या लग्नात तिनं बुढ्याचं नाव आपल्या दिराच्या खाली टाकलं होतं, तवा बुढा जिता होता. आता मेला म्हून गाळलं असन तं मी त्या मांडवात पाय ठेवत नाही.

दाबली. उघडेना. फोन म्हणे, हे बाहेरून आलेलं आहे, धोका असू शकते. लग्नाले धोका म्हणते, तोंडात माती पडो तुझ्या. पुढं दाबलं. मंग तो विचारतच सुटला. फोनमधले नावं पाहू का? पाह्य. मेसेज वाचू का? वाच. मले वाटलं, सहकुटुंब सहपरिवार बोलावतात तं घरातले नावं लागतीलच त्यायले. अन् शुभकार्याले नाही म्हणू नये, सासूनं चिमटे घेऊन शिकवलं आहे. साऱ्याले हाव हाव करत गेली.

पत्रिका काही दिसली नाही. एक चित्र आलं अन् गायब. नातीले, प्रणालीले दाखवीन उद्या. पोट्टीचं डोकं सध्या ठिकाणावर नाही, महिनाअखेरी नेरवाले, पोराकडचे, साक्षगंधाले म्हंजे साखरपुड्याले येऊन राह्यले. जमवलं बी राजूरवालीनंच. म्हून तोंड दाबून बसली आहे मी.

७ एप्रिल, मंगळवार
सकाळी चहा गाळून राह्यली तं पहिला फोन. माझी मावसबहीण. "काहून वो गिरजे, नातीचं लग्न अन् आम्हाले फोनवर पत्रिका? हळदकुंकू महाग झालं का?"

काल जे मी राजूरवालीले मनात म्हटलं, तेच आज लोक मले तोंडावर म्हणून राह्यले. दुसरा फोन. तिसरा. माझ्या नंबरवरून साऱ्यायले पत्रिका गेली. फोनात जेवढे नावं होते तेवढ्यायले. दूधवाला, किराणावाला, देवळातल्या बाया, ज्या भावाशी मी बोलत नाही तो बी. माझ्या नंबरवर फोटो आहे माझा अन् प्रणालीचा. लोकायले वाटलं, पोट्टीचं लग्न निघालं.

प्रणालीनं फोन हातातून हिसकला. आधी विमानाचं चित्र दाबलं, मंग सिम काढलं. स्वतःच्या फोनवरून बँकेले कळवलं, खातं बंद ठेवा. माझ्या खात्यात चोरायले होतं काय, चोराले दया येईन. पण पोट्टी म्हणे, "आजी, तुझे मेसेज तो वाचून राह्यला. बँकेचा ओटीपीचा आकडा तुले यायच्या आधी त्याले दिसते."
म्हटलं, "पत्रिका वाचते का मेसेज?"
"ती पत्रिका नव्हती आजी. ॲप होतं. पत्रिका पाहायची असते, बसवायची नसते. तू बसवलं."

दुपारी नेरवालीचा फोन. विन्यानं उचलला. विन्या माझा पोरगा, प्रणालीचा बाप, नुसता हो जी, हो जी. मी कान लावला.
"तुमच्या पोरीचं दुसरीकडं ठरलं अन् आम्हाले नुसते पोहे चारले का?"
विन्यानं सांगतलं, थे खोटं आहे, आईचा फोन बिघडला.
तं म्हणते, "म्हंजे तुमच्या घरची कीड आमच्या घरात. माझ्या भावानं उघडली, त्याचा फोन मेला. ज्या घरच्या बुढीले फोन समजत नाही, त्या घरची पोरगी काय संसार करन? साक्षगंध राहू द्या."

ठेवला.

विन्या माझ्याकडं पाहे. माया पाहे. प्रणाली रडली नाही. कढई घेतली अन् घासत बसली. बूड पांढरं होईपर्यंत घासली. तिले तो नेरचा पोरगा, निखिल, आवडला होता. मले सांगतलं नाही, पण नेरचा फोन आला की ती ओढणी सारखी करे, फोनवर कोण पाहते माय.

राजूरवाली, तुले सोडत नाही.

८ एप्रिल
फोन पुरा कोरा केला प्रणालीनं. ॲप नाव बदलून लपलं होतं म्हणे, काढता काढता निघेना, म्हून सारंच पुसलं. फोटो गेले. जाऊ दे. चेहरे माहीत आहेत मले.

विन्या भाकर मोडता मोडता म्हणे, "आईच्या हाती असा फोन द्यायलेच नको होता."
म्हटलं, "तुले चालायले शिकवलं तवा तू पडला होता रे. पाय काढून घेतले नाही मी तुझे."

मायाले म्हटलं, तुझ्या मायले फोन लाव. बंद. दिवसभर बंद. पाह्य म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. माया फणकारली, "माझी माय चोर नाही." नसन. पण आग तिच्या घरातून आली अन् ती दार लावून बसली.

१० एप्रिल, शुक्रवार
प्रणालीले म्हटलं, मले शिकव. सूड घ्यायचा तं हत्यार आधी समजलं पाहिजे.

बसली कामावरून, लॅबमधून आल्यावर. तिच्या फोनात सेटिंग, मंग ॲप, मंग परवानग्या. म्हणे, एकेक पाह्य अन् विचार, याले हे कायले पाहिजे? हा बॅटरीचा दिवा. याले माझे फोन नंबर कायले? उजेड पाडायचा तं पाड, पाहुणे कायले मोजते? हे पंचांग. याले माझा आवाज ऐकायचा. तिथी सांगायची तं सांग, कान कायले लावते?

दूधवाला दारापर्यंत येते. दूध घेतलं, दार लावलं. कपाटाची किल्ली मागन तं झाडू. एवढंच आहे हे. याच्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही.

लिहून ठेवते, नाहीतं विसरीन:
कोणी पाठवलेलं बसवायचं नाही, पाठवणारा सख्खा असला तरी. सख्ख्याच्याच नंबरवरून येते थे.
नावाच्या शेवटी ए पी के असलं तं हात मागं.
ॲप पाहिजे तं फोनातल्याच ॲपच्या दुकानातून, प्ले स्टोअरमधून घ्यायचं, तिथं बी कोणी बनवलं अन् लोक काय बोंबलून राह्यले थे पाहून.
वापरतानाच परवानगी असं येते, थे दाबायचं. जेवेपर्यंत पाहुणा, मंग चप्पल घाल.
मेसेज वाचू का म्हणन त्याले नाही. पडद्यावर ताबा घेऊ का म्हणन त्याले तं कधीच नाही.
फोन धोका म्हणते तवा तो शिव्या खायले म्हणत नाही.

प्रणाली हसली. तीन दिवसात पहिल्यांदा.

१३ एप्रिल
नवीन सिम चालू झालं, नंबर जुन्या वहीतून चढवले. प्रणाली म्हणे, ज्यायले ज्यायले गेली त्यायले सांगावं लागन. मी सांगत गेली, ती लिहीत गेली. "माझ्या नंबरवरून आलेली पत्रिका खोटी आहे. उघडू नका. उघडली असन तं नेट बंद करा, बँकेले कळवा, घरच्या जाणत्याले दाखवा. नातीचं लग्न ठरलं नाही." पुढं मी म्हटलं, लिही, "ही घाण राजूरच्या शकुंतलाबाईनं पाठवली."
तिनं लिहिलं नाही.
"लिही म्हटलं ना."
"आजी, लोक भांडण वाचतील, इशारा वाचणार नाहीत. सूड तुले घ्यायचा तं वेगळा घे."
गुमान पाठवलं. वेगळाच घेते म्हटलं.

नेरच्या नंबरले प्रणालीनं आपल्या फोनवरून पाठवलं. तिनं पाह्यलं. उत्तर नाही.

१५ एप्रिल, बुधवार
राजूरले गेली. कोणाले सांगतलं नाही, मायाले म्हटलं देवळात चालली. वणीले एस्टी बदलली. कोळशाची धूळ नाकातोंडात, ऊन असं की शिव्याबी वाळून जातील. मी वाटभर ताज्या ठेवल्या.

विहीण दारात उभी. मले पाहून पांढरी पडली.
"या ना विहीणबाई."
म्हटलं, "पाणी नंतर. फोन कुठं आहे तुझा?"
मी घरात शिरली. देवघर पाह्यलं, गादी उचलली. मागून येऊन रडत म्हणे, "गव्हाच्या कोठीत आहे वो."

खरंच. गव्हात खोल पुरून ठेवला, वरून देवाचा अंगारा टाकलेला. तिले वाटलं, बाधा झाली. तिच्या बी फोनातून साऱ्यायले गेली होती. लाजेनं कोणाले बोलली नाही. नवऱ्याले सांगतलं, फोन हरवला.

"तूच पाठवली मले," म्हटलं.
"मी कायले पाठवू वो? मले बी आलीच होती."
"कोणाकडून?"
पदर तोंडात.
"शकुंतले, पोट्टी तुझी बी नात आहे. कोणाकडून?"
"नेरहून."

मी तिथंच कोठीवर बसली.

प्रणालीनं शिकवल्यासारखं केलं. आधी सिम काढलं, मंग चालू केला, विमान दाबलं, मंग पाह्यलं. खरं होतं. नेरवालीच्या नंबरवरून, तीच पत्रिका, तेच शब्द. माझ्याकडं यायच्या आदल्या दिवशी. अन् तिच्या खाली नेरवालीचा आवाज. लावला.

"शकुताई, मघाची पत्रिका उघडू नका वो. आमच्याकडूनच सगळीकडं गेली. मी फोन दुकानातून साफ करून आणला. पण कोणाले बोलू नका. साक्षगंध तोंडावर आहे, पांढरकवड्याचे लोक म्हणतील, या घरात अक्कल नाही."

दोनदा लावला. तिसऱ्यांदा विहीण म्हणे, पुरे माय.

म्हंजे कीड नेरची. तिले माहीत होतं. अन् तीच मले म्हणते, बुढीले फोन समजत नाही. तिच्या भावाचा फोन माझ्यामुळे मेला म्हणते. बहिणीनं भावाले एक शब्द सांगतला असता तं त्यानं उघडलीच नसती.

"तू काहून नाही बोलली?" विहिणीले विचारलं.
"मधातली मी. बोलली असती तं स्थळ मोडलं असतं, लोकायनं मलेच खेटरं मारले असते."
"न बोलून टिकलं का?"

तिनं पाटवडी केली होती. दोन वेळा रस्सा मागून घेतला, चांगली झाली म्हटलं नाही. एवढी शिक्षा पुरे तिले. फोन पदरात बांधला, सिम वेगळं पुडीत. "न्या वो ते भूत," म्हणे. दारात उभी राहून, माझा बुढा गेला असून बी, हळदकुंकू लावलं तिनं. लावून घेतलं.

१६ एप्रिल
विन्यानं आवाज ऐकला अन् लगेच नेरले फोन लावायले निघाला. हात धरला त्याचा. "तू हो जी वाला माणूस. गरम असताना बोलशीन अन् ती फोन ठेवून देईन. हे जेवण माझं आहे, मी वाढीन."

माया आपल्या मायसाठी रडली, मंग माझ्यासाठी भाकर टाकली. कडक. चालते.

प्रणालीनं आवाज ऐकला नाही. म्हणे, "नको. तू सांगतलं, पुरे." मंग भिंतीकडं पाहून, "निखिलले माहीत असन का?"
मले काय माहीत. मी म्हटलं, "मायचं पोरगं आहे."
ते म्हणायले नको होतं. म्हटलं तं म्हटलं.

राजूरचा फोन साफ करू देत नाही मी. काम व्हायचं आहे अजून.

२६ एप्रिल, रविवार
वणीले लग्न, नात्यातलंच. पत्रिका घरी येऊन, अक्षत देऊन बोलावलेलं. मले माहीत होतं नेरवाली येणार. हिरवं नऊवार काढलं मी, लढाईचं.

बायाइच्या बाजूले कुलरसमोर बसलेली होती, अंगठीचे हात पसरून. मी बरोब्बर समोर बसली. तोंड फिरवलं तिनं. आजूबाजूच्या बायाइनं विचारलंच, "गिरजाबाई, ते पत्रिकेचं काय झालं वो? आम्हाले बी आलती." याचीच वाट पाहत बसली होती मी.

म्हटलं, "द्या फोन, दाखवते."

एकेकीचा घेतला. सेटिंग, ॲप, परवानगी. चष्मा नाकावर. "हे कोणतं ॲप वो सुमे?" "गाण्याचं." "गाण्याले तुझे मेसेज कायले पाहिजे? कोणाचे चोरून येतात का?" खिदळल्या साऱ्या. एकीच्या फोनात तीच पत्रिका निघाली, न उघडलेली. सुनेनं उघडू देल्ली नाही म्हणे. सुनेले आशीर्वाद देल्ला. दुसरीचा दिवा तिचे फोन नंबर पाहून राह्यला होता, बंद केला. माझ्याभवती घोळका. नवरी एकटी पडली स्टेजवर.

मंग म्हटलं, मोठ्यानं, गोड, "अलकाताई, तुमचा द्या ना. पाहून देते."
"माझा नको."
"लाजता कायले, सोयरेच होतो आपण."
"माझा साफच आहे."
"बरं झालं. कधी केला साफ?"

बाया तिच्याकडं पाहे, माझ्याकडं पाहे. नेरवालीनं फोन पर्समधी टाकला अन् चेन लावली. चेनीचा आवाज आला सगळ्यायले.

मी पुढं बोलली नाही. राजूरचा फोन माझ्या पिशवीतच होता, मांडीवर. काढला नाही. वाढप्यानं बुंदी आणली तं मी दोनदा घेतली. तिनं हात आडवा केला.

परत येताना विन्या म्हणे, "आई, तू आवाज लावलाच नाही?"
"अर्धं बोलली. अर्धं तिच्या पोटात राहू दे. सडू दे."

जीव थंड झाला. बुढा असता तं म्हणाला असता, गिरजे, तुले नरकात बी खुर्ची देतील.

२७ एप्रिल
सकाळी प्रणाली पाणी भरता भरता म्हणे, "झाला का तुझा सूड?"
"झाला."
"माझं काय झालं त्याच्यात?"
मी घागर पुढं सरकवली.
"तिनं तिचं नाक वाचवलं, तू थे कापून आणलं. मी कुठं होती आजी? मांडवात मले एकीनंबी विचारलं नाही."
हंडा ठेवला अन् लॅबले गेली. डबा विसरली. माया देऊन आली.

सूड घेताना पोट्टीसाठी घेते असं सांगतलं होतं मी स्वतःले. पोट्टीले विचारलं नव्हतं. हे लिहून ठेवते. माफी नाही मागत, लिहून ठेवते.

सांजच्याले नेरवालीचा फोन. विन्याच्या फोनवर. आवाजात साखर. "झालं गेलं विसरू. साक्षगंधाची तारीख काढू. मी स्वतः अक्षत घेऊन येते. पण ते जुनं कोणाच्या कानावर नको." विन्या माझ्याकडं पाहे. मी मान हलवली नाही. "कळवतो जी," म्हणे. पहिल्यांदा ठीक बोलला.

माया म्हणे हो म्हणून टाका, पोरगा चांगला आहे. विन्या म्हणे आई सांगन तसं.

म्हटलं, मी काही सांगत नाही. लगन माझं आहे का?

२८ एप्रिल, मंगळवार
राजूरचा फोन प्रणालीच्या हाती देल्ला. म्हटलं, कर साफ. "आवाज गेला तं?" म्हणे. म्हटलं, ज्यायनं ऐकायचा त्यायनं ऐकला. एकदा तू ऐकून घे, मंग पूस. हा तुझा आहे, माझा नाही.

ऐकला तिनं. चेहरा काही सांगेना. मंग स्वतःच्या फोनवर निखिलले लिहिलं, मले दाखवून. एकच ओळ. "आईच्या फोनमधून पत्रिका गेली हे तुले साक्षगंध मोडायच्या आधी माहीत होतं का?"

पाठवलं. मंग राजूरचा फोन पुसला. थेट कोरा. सिम राजूरले धाडायचं आहे, विहिणीले सांगतलं, गहू बी चाळून घे.

त्यानं पाह्यलं. दोन खुणा निळ्या झाल्या. लिहून राह्यला असं दिसलं. थांबला. परत लिहून राह्यला. परत थांबला.

प्रणालीनं फोन पालथा ठेवला अन् कांदे चिरले.

३० एप्रिल
फोननं आज विचारलं, तुम्ही कुठं आहात थे पाहू का? नाही. तुमचे नावं पाहू का? नाही. शुभकार्य असो का काही असो.

नेरवालीचे आज तीन फोन. एक विन्याले, एक मायाले, एक माझ्या नव्या सिमवर. नंबर देल्ला कोणी तिले? विहिणीनं, अजून काय. नाही सुधरत बुढी. उचलला नाही.

निखिलचं अजून काही नाही. माया म्हणे, बिचारा मायच्या धाकात असन, उत्तर काय देईन. विन्या म्हणे, मी जाऊन बोलतो नेरले. प्रणाली म्हणे, "कोणी जायचं नाही." आवाज माझाच वाटला मले. कान टवकारले.

जेवताना साऱ्यायले सांगतलं, इथं बी लिहून ठेवते म्हंजे कोणी विसरायचं नाही. नेरवालीचा फोन विन्यानं उचलायचा नाही, मायानं नाही, मी तं नाहीच. राजूरवालीनं मधात तोंड घालायचं नाही. पोराच्या मामानं, बापानं, मायनं त्याच्या वतीनं बोलायचं नाही. ती अक्षत घेऊन दारात आली तं पाणी द्या, बसवा, अन् गप राहा. या घरातून हो बी जाणार नाही, नाही बी जाणार नाही. विचारलं त्या पोराले आहे. उत्तर निखिलनंच द्यायचं, अन् प्रणालीलेच द्यायचं.